काळी कोंबडी, गोरा कोंबडा

मंडळी, मागच्या लेखाच्या शेवटी मी आमच्या परसातल्या कोंबड्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर तुमच्यापैकी तिघाचौघांचे फोन आले. सगळ्यांचा प्रश्न एकच, "मावशी, खरंच अंडी बाहेरगावाहून मागवून पिल्लं निघतात का?" दोघं तर व्यवसायच सुरू करायच्या विचारात होते. म्हणून या वेळी सगळंच सविस्तर लिहिते, फसलेलं आधी.

ही कल्पना माझ्या भाच्याची. वय चोवीस, इंदूरला नोकरी केली, सोडली, उज्जैनला परत आला. एका दुपारी पोहे खाता खाता म्हणाला, "मावशी, तुझ्या एफडीतले एक लाख दे. कडकनाथ पाळतो." त्याच्या मोबाइलवर एका विक्रेत्याची सगळी योजना होती. दोनशे पक्षी त्यांनी द्यायचे, शेड आपण बांधायची, आणि अंडी चाळीस रुपयांना एक या भावाने तेच परत घेणार. बडनगर रस्त्यावर त्याच्या काकांचं शेत आहे, जागेचा प्रश्न नव्हता.

मी नाही म्हणाले नाही. घरातल्या तरुण मुलाने काही करायचं म्हटलं की आपण मराठी माणसं आधी नोकरीचं काय ते विचारतो, ते मी मुद्दाम टाळलं. पण अशीच परतखरेदीची आमिषं दाखवून महाराष्ट्रात शेतकऱ्यांना कडकनाथच्या नावावर फसवल्याचं प्रकरण २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातून बाहेर आलं होतं, ते मी पेपरात वाचलेलं होतं. म्हणून म्हटलं, "आधी दोन डझन अंडी आण. माझ्या घरी उबव. पिल्लं निघाली आणि कडकनाथ निघाली, तर पैसे देते."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कडकनाथ हा आपल्या शेजारचाच पक्षी. झाबुआ, अलीराजपूर, धार या भागातल्या भिल्ल आणि भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला. पिसं काळी, तुरा काळपट जांभळा, चोच, जीभ, पाय, कातडी काळी, मांस आणि हाडांवरचं आवरणसुद्धा काळं. तिकडे त्याला काली मासी म्हणतात. झाबुआच्या ग्रामीण विकास ट्रस्टने २०१२ मध्ये अर्ज केला होता आणि २०१८ मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वेळी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही दावा सांगितला होता, पण मान झाबुआला गेला. अंडं मात्र काळं नसतं. फिकट तपकिरी, किंचित गुलाबी झाक असलेलं असतं. काळ्या कुळकुळीत अंड्यांचे फोटो कुणी पाठवले तर ते पुढे पाठवू नका.

आता आमच्या फसलेल्या खेपेकडे येते.

भाच्याने अंडी मागवली ती एप्रिलच्या शेवटी. दूरच्या एका शहरातून, कुरिअरने, चोवीस अंडी. खोक्यावर बाणही होता, "वरची बाजू" असं लिहिलेलंही होतं. खोकं आलं ते उलटं. तीन अंडी फुटलेली होती. बाकीची एकवीस दिसायला उत्तम. थर्माकोलचं अठ्ठेचाळीस अंड्यांचं उबवणी यंत्र त्याने आणलंच होतं, त्यात त्याच संध्याकाळी ती ठेवली. एकवीस दिवस आम्ही दोघं दिवसातून तीनदा अंडी फिरवत होतो. एकही पिल्लू निघालं नाही. शेवटी परसात खड्डा करून ती फोडून पाहिली. बहुतेकांत नुसता पातळ बलक होता. चारपाच अंड्यांत कधीतरी जीव धरला होता, तो पहिल्याच आठवड्यात थांबलेला.

भाचा दोन दिवस आमच्याकडे फिरकला नाही. मी मात्र पुस्तकं काढून बसले, दोन पशुवैद्यकांना गाठून विचारलं. चुका कळल्या त्या अशा. अंडं घातल्यावर ते थंड राहिलं तर आतलं बीज झोपून राहतं. साधारण बारा ते अठरा अंश तापमानात ठेवलं तर आठवडाभर काही बिघडत नाही. पण माळव्याच्या एप्रिलमध्ये कुरिअरच्या बंद गाडीत चाळीस अंश सहज होत असणार. तिथे बीज अर्धवट जागं होतं, वाढायला लागतं, रात्री गोदामात पुन्हा थांबतं, सकाळी पुन्हा गाडीत तापतं. दोनतीनदा असं झालं की ते संपतं. बाहेरून कवच तसंच गुळगुळीत दिसतं.

दुसरी गोष्ट हवेच्या घराची. अंड्याच्या बोथट टोकाला कवचाच्या आत हवेची छोटी जागा असते. पिल्लू बाहेर यायच्या आधी पहिला श्वास तिथेच घेतं. प्रवासात धक्के बसले की हे हवेचं घर पडद्यापासून सुटतं आणि गवंड्याच्या लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्यासारखं इकडून तिकडे सरकायला लागतं. म्हणून प्रवास करून आलेली अंडी लगेच यंत्रात टाकायची नसतात. टोकदार बाजू खाली करून बारा ते चोवीस तास सावलीत, थंड जागी निवांत ठेवायची. आम्ही पाच मिनिटंही थांबलो नव्हतो.

आमच्या सासूबाई त्र्याऐंशीच्या आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात अंडं येत नाही, त्यामुळे यंत्राची रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली होती. तिथे जाता येता त्या ते पाहायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. खड्डा बुजवून मी आत आले तेव्हा म्हणाल्या, "काळीची अंडी काळीलाही उबवता येत नाहीत, तुमचं यंत्र काय उबवणार!"

मी चमकले. त्यांचं बालपण धारकडचं, वडील जंगलखात्यात, काही वर्षं कुक्षीला होते. घरात शाकाहार, पण शेजारचे भिल्ल कोंबड्या पाळायचे ते त्यांनी पाहिलेलं. त्यांनी सांगितलं, "काळी कोंबडी अंडी घालते आणि विसरते. बसत नाही. बायका तिची अंडी उचलून साध्या लाल कोंबडीखाली ठेवायच्या. लाल कोंबडी खुडूक झाली की आठवडाभर आधीच बोलणी व्हायची, कुणाची किती अंडी ठेवायची."

नंतर वाचलं तर हे खरंच निघालं. कडकनाथ कोंबडी फारशी खुडूक बसत नाही, ही तिची जुनी ओळख आहे. म्हणजे या शुद्ध वाणाचा वंश इतकी वर्षं साध्या गावठी कोंबडीच्या पोटाखाली टिकला. खुडूक हा शब्द तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे, मला कल्पना नाही. अंडी घालणं थांबवून कोंबडी पिसं फुगवून एका जागी ठाण मांडते, हात लावला की क्लक क्लक करत चोच मारते, ती खुडूक. आमच्याकडे पूर्वी रुसून कोपऱ्यात बसलेल्या मुलीलाही म्हणायचे.

दुसरी खेप आम्ही फेब्रुवारीत केली. या वेळी अंडी झाबुआकडून, बसने. पेटलावद, बदनावर, बडनगर करत ती बस येते, रस्ता चारपाच तासांचा. वाटेत एक ओळखीचे गृहस्थ बसणार होते, त्यांच्या मांडीवर डबा आला. अंडी गव्हाच्या कोंड्यात टोक खाली करून उभी पुरलेली. विक्रेता वेगळा होता, पण त्याचाही शब्द तोच, "शुद्ध कडकनाथ." चोवीस अंडी, एकही फुटलेलं नाही. रात्रभर ती जिन्याखाली विसावली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकावर पेन्सिलने एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला, म्हणजे फिरवलेलं कळतं. पेनची शाई वापरू नका, कवचाला बारीक छिद्रं असतात.

यंत्राचं तापमान ३७.५ अंश. माझा अनुभव असा की यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आमचं यंत्र ३७.५ दाखवत होतं आणि मेडिकलमधून आणलेला थर्मामीटर ३८.४. एक अंश म्हणजे काय मोठं, असं वाटेल. एकवीस दिवसांत ते फार मोठं होतं. एवढ्या जास्त उष्णतेने पिल्लं लवकर आणि अशक्त निघतात किंवा निघतच नाहीत. आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास ते पंचावन्न टक्के, त्यासाठी वाटीत ओला स्पंज. अंडी दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवायची, विषम वेळा. कारण रात्रीचा मुक्काम सगळ्यात लांब असतो आणि तो रोज एकाच कुशीवर होता कामा नये.

सातव्या रात्री आम्ही अंडी दिव्यासमोर धरली. टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी, खोलीत पूर्ण अंधार. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा पसरलेल्या दिसतात आणि मधे एक ठिपका, जो हलतो. तो पहिला हललेला ठिपका पाहून भाचा, जो क्रिकेट सोडून कशावरही ओरडत नाही, एकदम ओरडला. सासूबाई काठी टेकत आल्या. त्यांना दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "ठेव आता. थंड होईल ते."

सहा अंडी कोरी निघाली. दोनांत रक्ताचं कडं होतं, म्हणजे जीव धरला आणि गेला. राहिली सोळा.

चौदाव्या दिवशी वीज गेली, अडीच तास. भाच्याने यंत्रावर दोन गोधड्या टाकल्या आणि बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावून बसला. मला पहिल्या खेपेच्या खड्ड्याची आठवण येत होती. पण कोंबडीसुद्धा अंड्यांवरून रोज उठते, दाणापाणी करते, पाय मोकळे करते आणि परत बसते. थोडं थंड होणं अंड्यांना चालतं, जास्त तापणं चालत नाही. या एका वाक्यावर मी तो अडीच तासांचा काळ काढला.

अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद. आर्द्रता सत्तर टक्क्यांकडे न्यायची आणि झाकण उघडायचं नाही, काहीही झालं तरी. विसाव्या दिवशी दुपारी आतून आवाज यायला लागला. कवच अजून अखंड, आणि आतून चिवचिव. पिल्लू आधी हवेच्या घराचा पडदा फोडतं, तिथली हवा घेतं आणि आवाज देतं. मग चोचीच्या टोकावरच्या कडक दाताने कवचाला पहिली टिचकी मारतं. तिथून पूर्ण बाहेर यायला कधी कधी चोवीस तासही लागतात. या वेळात माणसाला मदत करायचा फार मोह होतो. कवच सोलू नका. पिल्लाने कवचाच्या आतल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त आणि उरलेला बलक पोटात ओढून घ्यायचा असतो, ते काम संपायच्या आधी सोललं तर रक्तस्राव होऊन ते मरतं. आमचं एक असंच गेलं. हात माझा होता, भाच्याचा नव्हता.

आठ पिल्लं निघाली. प्रवास करून आलेल्या अंड्यांतून निम्मी निघाली तरी ठीक मानतात, त्या हिशेबाने आम्ही कमीच पडलो, पण घरात उत्सव होता. जिन्याखाली पुठ्ठ्याचं खोकं, शंभराचा बल्ब, पहिल्या आठवड्याला पस्तीस अंशांच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला दोनतीन अंश कमी. बल्बखाली सगळी घोळक्याने चिकटली तर थंडी वाजते आहे, लांब पळाली तर गरम होतंय, सगळीकडे पसरून दाणे टिपत असली तर बरोबर आहे. थर्मामीटरपेक्षा हे पाहणं सोपं. राणीखेतची लस पहिल्या आठवड्यात, गंबोरोची दुसऱ्या. आठ पिल्लांसाठी लसीची कुपी फोडायची म्हणजे बाकीची वाया, हे खरं. तरी फोडा.

आता मुद्द्याचं. तिसऱ्या दिवशी पिल्लं हातात घेऊन पाहिली तर पाचांचे पाय आणि चोच काळी, पिसंही काळसर. तिघांचे पाय फिकट, गव्हाळ.

भाच्याने विक्रेत्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "भिया, मोठी झाली की काळी होतात."

ती झाली नाहीत. आठव्या आठवड्याला मात्र दुसरंच लक्षात आलं. फिकट पायांच्या तिघांना लाल तुरे फुटले, शेपटीची पिसं वाकायला लागली. तिघेही नर. काळ्या पाचही माद्या. आठातल्या आठांचा हिशेब असा नेमका लागावा, हे मला योगायोग वाटेना.

तुमच्यापैकी ज्यांनी बारावीला जीवशास्त्र घेतलं असेल त्यांनी पनेटचा चौकट-तक्ता काढला असेल, चार खणांचा, मोठ्या आणि लहान अक्षरांचा. तोच पनेट आणि त्याचे केंब्रिजमधले गुरू बेटसन, या दोघांनी १९११ साली नेमकं हेच छापलं होतं. त्यांचा पक्षी कडकनाथ नव्हता, चीनकडची सिल्की होती. रेशमासारखी पांढरी पिसं, पण कातडी काळी. तिचा नर आणि साधी गोऱ्या कातडीची तपकिरी लेगहॉर्न मादी यांची जोडी लावली तर मुली काळ्या कातडीच्या आणि मुलगे गोरे. जोडी उलटी लावली, म्हणजे काळी आई आणि गोरा बाप, तर मुलगे-मुली जवळजवळ सगळेच गोरे.

कारण असं आहे. कातडी काळी करणारा एक गुण असतो. कोंबडीच्या २० व्या गुणसूत्रावरचा एक तुकडा फार पूर्वी कधीतरी दुप्पट झाला, त्यातून रंगपेशी शरीरभर पसरल्या. सिल्की, इंडोनेशियाची अयम चेमानी आणि आपला कडकनाथ यांच्यात हा बदल एकच आहे. भोपाळच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी कडकनाथाचा जनुकसंच वाचून त्यावर काम केलं आहे. पण गोऱ्या कातडीच्या कोंबड्यांत आणखी एक गुण असतो, जो हा काळेपणा दाबून ठेवतो. तो बसतो लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं. नराकडे दोन सारखी झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. आई आपलं झेड फक्त मुलाला देते, मुलीला डब्ल्यू देते. मुलीचं झेड येतं ते बापाकडूनच. म्हणजे गोऱ्या आईचा दाबणारा गुण गेला मुलाकडे, तो गोरा झाला. मुलीकडे आला कडकनाथ बापाचा झेड, त्यात दाबणारं काही नाही, ती काळी.

आमच्या परसातलं चित्र हुबेहूब हेच होतं. बाप अस्सल कडकनाथ, आया गोऱ्या कातडीच्या गावठी. आठच पिल्लं, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही, पण एकही काळा नर नाही आणि एकही गोरी मादी नाही, याचा दुसरा अर्थ मला लावता येत नाही. विक्रेत्याकडे एक चांगला कोंबडा असावा आणि खाली मिळतील त्या कोंबड्या.

हे कळल्यावर मला जी गोष्ट खरी टोचली ती वेगळीच. समजा, आम्ही अंडी न मागवता त्याच्याकडून वाढलेल्या माद्याच घेतल्या असत्या, तर? त्याने पाचही काळ्या दिल्या असत्या. पाय काळे, चोच काळी, जीभ काळपट. कुणाला शंका आली असती? भाच्याने दोनशे घेतल्या असत्या आणि माझे लाख रुपये घेऊन सगळे आनंदात फोटो काढत बसले असते. त्यांचे गोरे भाऊ बाजारात ब्रॉयलरच्या भावाने गेलेले, ते कधी दिसलेच नसते. बहिणी कोणत्या वाणाच्या आहेत ते भावांनी सांगितलं, आणि भाऊ दिसले ते केवळ अंडी घरी फुटली म्हणून.

आणि या काळ्या मुली पुढे गावठी कोंबड्याखाली गेल्या की चौकट-तक्ता असा विस्कटतो की ओळखणं कठीण. झाबुआ-धारच्या माळावर लाल कोंबडीला पोटाखाली घ्यायला लावून ज्या बायकांनी हा वाण वेगळा ठेवला, तो अशाने दहापंधरा वर्षांत पातळ होऊन जाईल. नाव राहील, भाव राहील.

तुम्ही म्हणाल, मावशी संकराच्या विरोधात आहे. मुळीच नाही. आपली माळव्यातली मराठी ऐका, "भिया", "अपन", "जबरन" यांशिवाय आमचं वाक्य पुरं होत नाही, मी कोणत्या तोंडाने शुद्धतेचं बोलू! संकर चांगला असतो, फक्त त्याला त्याच्या नावाने विकावं. आपल्याच राज्यात त्याचं उत्तम उदाहरण आहे. जबलपूरच्या नानाजी देशमुख पशुवैद्यकीय विज्ञान विद्यापीठाने नर्मदानिधी नावाची कोंबडी तयार केली आहे. पंचवीस टक्के कडकनाथ, पंचाहत्तर टक्के जबलपूर कलर हा त्यांचाच वाण. कडकनाथ वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, नर्मदानिधी १८० च्या आसपास. परसात, खरकट्यावर आणि किड्यांवर वाढते. ती स्वतःला कडकनाथ म्हणवत नाही, आणि कुणी तिच्याकडून कडकनाथाचा भाव मागत नाही.

कडकनाथाच्या औषधी गुणांबद्दल जे जे ऐकू येतं त्यातलं निम्मं मी सोडून देते. मांसात चरबी कमी आणि प्रथिनं जास्त, एवढं पुरे आहे.

मे महिन्यात भाचा आणि मी झाबुआला जाऊन आलो. तिथल्या कृषी विज्ञान केंद्रात कडकनाथवर बरीच वर्षं काम चालू आहे. हे केंद्र ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विद्यापीठाखाली येतं. तिथे काळ्या नरांची रांग पाहिली तेव्हा आमचे तीन गव्हाळ चिरंजीव आठवून दोघांनाही हसू आलं. तिथून आणि जवळच्या आदिवासी पालकांकडून एक गोष्ट शिकलो. लांबून न्यायचं तर अंडं नेऊ नका, एक दिवसाचं पिल्लू न्या. बाहेर येताना पोटात ओढलेला बलक त्याला दोन ते तीन दिवस पुरतो, त्या वेळात दाणापाणी न मिळालं तरी ते तगतं. झाबुआहून महेंद्रसिंग धोनीसाठी दोन हजार पिल्लं रांचीला गेली ती एप्रिल २०२२ मध्ये, आणि ती पिल्लंच होती, अंडी नव्हती. त्याची मागणी खरं तर २०२० ची, पण जानेवारी २०२१ मध्ये बर्ड फ्लू आला आणि झाबुआतही पोचला, त्यामुळे सगळं लांबलं. तेव्हा उज्जैन-इंदूरकडे कावळे मरून पडत होते ते तुम्हालाही आठवत असेल. दोनशे पक्ष्यांची शेड बांधणाऱ्याने तो महिना डोळ्यांसमोर ठेवावा.

लाख रुपये मी दिले नाहीत. भाच्याने मागितलेही नाहीत. त्याने काकांच्या शेतात तीस पक्ष्यांची जाळी बांधली आहे, झाबुआच्या केंद्रात पिल्लांसाठी नाव नोंदवलं आहे, आणि नर्मदानिधीसाठी जबलपूरला चौकशी चालू आहे. सध्या सकाळी तो एका कोचिंगमध्ये गणित शिकवतो. त्याच्या वहीत प्रत्येक अंड्याची नोंद आहे, तारीख, वजन, कोणत्या दिवशी काय झालं. पहिल्या खेपेच्या एकवीस अंड्यांसमोर त्याने एकच शब्द लिहिला आहे, "घाई".

काळ्या पाच जणी आमच्याकडेच आहेत. गेल्या महिन्यापासून अंडी घालायला लागल्या. शेजारच्या सात घरांत ती जातात, आमच्या नाही. परवा त्यातली एक दुपारी खोक्यात पिसं फुगवून बसली होती, हात लावला तर चोच मारली. सासूबाईंना सांगितलं तर त्या खुर्चीतून उठून बघायला आल्या. "ही काळीची नाही," म्हणाल्या, "हिच्यात लालीचं रक्त आहे." चौकट-तक्ता न काढता.

तीन कोंबडे म्हणजे पाच माद्यांना फारच झाले. भांडणं व्हायला लागली, एकाचा डोळा गेला. दोन भाच्याच्या काकांकडे शेतावर पाठवले. काकांच्या घरी पौर्णिमेला पाहुणे होते. आम्ही काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. आपण पिल्लं उबवली की निम्मे नर निघणारच आणि त्यांचं काय करायचं हे आधी ठरवायला हवं. मी ते ठरवलं नव्हतं.

तिसरा इथेच आहे. गव्हाळ पाय, लाल तुरा, अंगावर बापाची काळी चमक. अडीच-तीनच्या सुमारास भस्मारतीला निघालेल्या यात्रेकरूंच्या रिक्षा गल्लीतून जायला लागल्या की तो आरवतो. समोरच्या घरात देवासहून आलेले नवीन भाडेकरू आहेत, त्यांनी परवा विनंती केली की त्याला जरा साडेपाचनंतर आरवायला सांगा. भाचा म्हणतो, रात्री खुराड्यावर जाड पोतं टाकून बघू. आजपासून टाकतो आहोत.